ललिताबाईंचा डावा डोळा

आज मननासाठी एक चेहरा घेऊ. पडद्यावर असंख्य वेळा पाहिलेला, आपल्याच नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या एका बाईचा चेहरा. ललिता पवार.

हे मनन घाईचं नाही, आणि आपल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तर घाई अंगवळणी पडलेली. शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या गेटांतून मोटारसायकलींचा लोंढा बाहेर पडतो, पाथर्डी फाट्याला गर्दी तुंबते, कुणाला भाजी घ्यायची असते, कुणाला मुलाला क्लासहून आणायचं असतं. ती सगळी कामं आधी उरकून घ्या. जेवणं होऊ द्या. मग गच्चीवर, ओट्यावर किंवा खोलीच्या दारात, जिथं वारा लागेल तिथं अर्धा तास बसा. मोबाइल उलटा ठेवा. पांडवलेण्याचा डोंगर तुमच्याकडून दिसत असेल तर तिकडे तोंड करा. त्या डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे, आणि आजच्या विषयाचा एक धागा तिथून सुरू होतो.

पाठ टेकवा. खांदे सैल सोडा. दोन-चार श्वास सावकाश घ्या.

आता मनातल्या मनात नाव घ्या: ललिता पवार.

काय दिसलं? बहुतेकांना एक सासू दिसली असेल. पदर खोचलेली, भुवई चढवलेली, सुनेच्या हातून काही सांडायची वाट बघणारी. कुणाला कैकेयीच्या कानाशी लागलेली मंथरा दिसली असेल. आणि जे काही दिसलं त्यात डावा डोळा नक्की होता. अर्धवट मिटलेला, बारीक झालेला. जे दिसलं ते पुसू नका, त्याच्याशी वादही घालू नका. तसंच राहू द्या. आपण त्याच चेहऱ्याकडे पुन्हा पुन्हा, जरा वेगळ्या बाजूंनी बघणार आहोत.

आधी या चेहऱ्याचं लहानपण डोळ्यांपुढे आणा. नाशिकहून निफाड, विंचूर ओलांडून पुढं गेलं की येवला लागतं. पैठणीचं, रेशमाचं गाव. तिथं 18 एप्रिल 1916 रोजी लक्ष्मणराव सगुण यांच्या घरी मुलगी झाली. तिचं नाव अंबा; हीच पुढं ललिता झाली. वडिलांचा रेशमी आणि सुती कापडाचा व्यापार. घर खाऊन-पिऊन सुखी. अशा घरातली मुलगी त्या काळात पुढं कुठं जाणार, हे जवळपास ठरलेलं असे: चांगलं स्थळ, मोठा वाडा, माजघर.

त्या काळाचा अंदाज यावा म्हणून तीनच वर्षं मागं जा. 1913 मध्ये त्र्यंबकेश्वरचे फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढतात आणि तारामतीसाठी त्यांना एकही बाई मिळत नाही. शेवटी अण्णा साळुंके नावाचा पुरुष साडी नेसून तारामती होतो. त्यानंतर फाळके नाशिकला येतात, आणि 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यापुढं उभ्या राहतात. भारतीय चित्रपटात बाईची भूमिका बाईनं केली ती तेव्हापासून. त्यामागं किती टोमणे आणि किती बंद दारं असतील, यावर क्षणभर थांबा. येवल्याची अंबा जन्मली ती या घटनेनंतर अवघ्या काही वर्षांनी. आणि 1928 साली, मूकपटांच्याच काळात, ती लहान वयात पडद्यावर आली. चित्रपटाचं नाव पुन्हा 'राजा हरिश्चंद्र' असंच होतं. पंधरा वर्षांपूर्वी त्याच कथेसाठी बाई मिळाली नव्हती.

आता त्या मुलीला मोठी होऊ द्या. तरुण ललिता बघा. दोन्ही डोळे पूर्ण उघडे. ती नायिका आहे. गाते, कॅमेऱ्यापुढं बिनधास्त वावरते. नुसती नायिकाच नाही: 1932 च्या 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीत तिचा वाटा आहे, आणि 1938 मध्ये 'दुनिया क्या है' हा बोलपट ती स्वतः काढते, टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन' कादंबरीवरून. मराठीत 'नेताजी पालकर' आहे, मास्टर विनायकांचा 'अमृत' आहे. हा चेहरा आपल्यापैकी फार थोड्यांना आठवतो. आठवत नसेल तरी तो होता, एवढं मनात नीट धरा. पुढचं सगळं समजण्यासाठी ते लागणार आहे.

आणि आता 1942.

'जंग-ए-आझादी' नावाच्या चित्रपटाचं शूटिंग चालू आहे. सीनमध्ये भगवानदादांनी ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची आहे. तेव्हा भगवानदादाही तरुण होते; 'अलबेला'मुळे घराघरांत पोचायला त्यांना अजून नऊ वर्षं होती. चपराक फार जोरात बसली. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची शीर दुखावली. उपचार वर्षानुवर्षं चालले. डोळा पुन्हा पूर्ण उघडला नाही. त्या वेळी ललिताबाईंचं वय होतं सव्वीस.

इथं थांबून एक छोटी गोष्ट करा. हसू नका, खरंच करून बघा. डावा डोळा अर्धा मिटा. डावा गाल सैल सोडा, ओठाची डावी कड हलवू नका. आता कुणाला तरी प्रेमानं हाक मारायची आहे असं समजून हसा. हसू अर्ध्यावर अडतं ना? जे मनात आहे ते चेहऱ्यावर पोचतच नाही. चेहऱ्याच्या स्नायूंना हुकूम देणारी नस दुखावली की पापणी, गाल, ओठ आपलं ऐकेनासे होतात. आपण आता हे दोन मिनिटांत सोडून देऊ. त्या बाईला याच चेहऱ्यानं पोट भरायचं होतं. नायिकेच्या कामात डोळा ही पहिली अट. ती अट सव्विसाव्या वर्षी मोडली.

चेहरा सैल करा. एक लांब श्वास घ्या.

अंबडमध्ये हा प्रसंग कळायला फार समजावून सांगावं लागत नाही. प्रेस मशीनवर बोट गेलेला माणूस इथं जवळजवळ प्रत्येक गल्लीत आहे. त्याला विचारा, पहिल्या महिन्यात काय वाटलं. दुखण्याबद्दल तो एखादं वाक्य बोलेल. मग बोलेल ते कामाबद्दल: आता मला कुठल्या मशीनवर घेतील, लाईट ड्युटी देतील की घरी बसवतील, आणि दिली तर ती किती दिवस. बरोबरीचे लोक हात बघतात आणि नजर वळवतात, तेही तो सांगेल. इजा एकदाच होते. लोकांची नजर मात्र रोज सोसावी लागते.

ललिताबाईंना जी मिळाली तिला लाईट ड्युटी म्हणता येणार नाही. त्यांना नायिकेच्या जागेवरून काढून चित्रपटसृष्टीनं दुसऱ्या टोकाच्या, अधिक अवघड कामावर लावलं. आणि त्यांनी ते काम नाकारलं नाही. 1944 च्या प्रभातच्या 'रामशास्त्री'मध्ये त्या आनंदीबाई झाल्या. मराठी मनात आनंदीबाईचं नाव काढलं की काय उसळतं हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथून पुढं जवळजवळ पन्नास वर्षं लोकांचा राग अंगावर घेणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग झाला.

हा राग म्हणजे काय, त्यावर जरा मन ठेवा. 1950 मध्ये व्ही. शांतारामांनी 'दहेज' काढला. हुंड्यावर आसूड ओढायचा होता. चित्रपटात सून मरते. पण हुंडा ही काही दिसणारी वस्तू नाही; रूढीला तोंड नसतं. थिएटरातल्या माणसाला संताप यायला समोर एक तोंड लागतं. ते तोंड ललिताबाईंनी दिलं. सासूची भूमिका त्यांनी थोडी मऊ केली असती, डोळ्यांत थोडी दया आणली असती, तर लोकांनी त्यांना कमी शिव्या दिल्या असत्या आणि हुंड्यालाही कमीच दिल्या असत्या. त्यांनी ती सवलत घेतली नाही. दुसऱ्या कुणाची तरी लेक वाचावी म्हणून सगळा तिरस्कार स्वतःकडे वळू देणं, हे कष्टाचं काम आहे. नायिकेला मिळणारं प्रेम त्यात नाही.

हे वाक्य सोबत घेऊन थोडा वेळ गप्प बसा. तुमच्या घरात, तुमच्या खात्यात असं कोण आहे, ज्यानं वाईटपणा स्वतःकडे घेतला म्हणून बाकीच्यांचं निभावलं? लगेच उत्तर शोधू नका. एखादा चेहरा आपण होऊन येईल.

आता या मननाच्या मध्यावर आपण आलो आहोत. इथं मला तुम्हाला एकाच वर्षातल्या दोन बायका दाखवायच्या आहेत.

वर्ष 1955. गुरुदत्तचा 'मिस्टर अँड मिसेस 55'. ललिताबाई त्यात सीतादेवी आहेत: मधुबालेची श्रीमंत आत्या, बंगल्यात राहणारी, सभांमध्ये बोलणारी, पुरुषांशी उभा दावा मांडणारी. मान ताठ. तो बारीक झालेला डावा डोळा इथं समोरच्याला मोजतो, तोलतो आणि खाली उतरवतो.

आणि त्याच वर्षीचा राज कपूरचा 'श्री 420'. ललिताबाई त्यात गंगामाई आहेत: मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी बाई. पाटी समोर, पदर डोक्यावर, आवाज रस्त्याच्या धुळीनं भरलेला. नुकताच शहरात उतरलेला एक भोळा पोरगा केळ्यांचा भाव करत तिला गोंधळात टाकतो, ती आधी चिडते, आणि मग बघता बघता त्याची आई होऊन जाते.

आता तुमचं सगळं लक्ष फक्त डोळ्यावर आणा. सीतादेवीचा डावा डोळा. गंगामाईचा डावा डोळा. तोच डोळा आहे. तीच दुखावलेली शीर, तीच अर्धी पापणी, तेच वर्ष. मेकअपनं मोठा केलेला नाही, लपवलेला नाही. बंगल्यात तो डोळा बघून आपण दबतो. फुटपाथवर तोच डोळा बघून आपल्याला वाटतं, हिच्यापाशी बसावं, हिला सगळं सांगावं. एकीकडे तो डोळा तिरस्कारानं बारीक झालेला वाटतो, दुसरीकडे उन्हानं आणि मायेनं.

मग तो खाष्टपणा कुठं होता? डोळ्यात तर नव्हता. थोडा त्या अभिनेत्रीच्या मानेत होता, आवाजात होता, हाताच्या हालचालीत होता. ते तिचं कसब. आणि उरलेला, बराच मोठा भाग, बघणाऱ्या आपल्यात होता.

इथं हवा तेवढा वेळ थांबा. हा या मननाचा गाभा आहे.

पुढं 1959. हृषिकेश मुखर्जींचा 'अनाडी'. मिसेस डिसा. एका बेकार तरुणाला खोली देणारी घरमालकीण. अंबड, चुंचाळे, दत्तनगरकडच्या ज्या घरांच्या मागच्या अंगाला दोन-दोन खोल्या काढून भाड्यानं दिलेल्या असतात, तिथं राहिलेल्या कुठल्याही पोराला ही बाई ओळखीची वाटेल. भाडं थकलं की दारात उभी राहून बोलते. लाईट उगाच चालू ठेवली की बोलते. उशिरा आलं की बोलते. आणि उपाशी झोपू देत नाही. मिसेस डिसा तशीच आहे. तोंडाला धार, आणि हात मात्र सारखा त्या पोरासाठी काही ना काही करत असलेला. तो राज कपूरचा अनाडी तिच्या ओरडण्यामागचं ओळखतो, म्हणून तिला उलटून बोलत नाही. शेवटी एका कंपनीनं बाजारात आणलेल्या विषारी औषधानं ती मरते, आणि पैसेवाल्या माणसांच्या जगात एक आई गेली याचं दुःख फक्त त्या एका भाडेकरूला होतं.

कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला हा शेवट जास्त लागायला हवा. कुठल्या तरी कंपनीत कुणी तरी घाईनं, नफ्यापोटी एक गोष्ट चुकीची होऊ देतो, आणि दूर कुठं तरी एक मिसेस डिसा ते औषध विश्वासानं घेते. आपण बनवतो ती प्रत्येक वस्तू शेवटी कुणाच्या तरी हातात जाते. हे एवढंच मनात नोंदवून पुढं चला.

'अनाडी'साठी ललिताबाईंना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 1961 मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. त्याच वर्षी 'जंगली'मध्ये त्या घरात हसायलाही बंदी घालणारी आई होत्या, आणि पुढच्या वर्षी 'प्रोफेसर'मध्ये अशी एक कडक, एकटी बाई, जिच्या मनात उतारवयात एका म्हाताऱ्या शिक्षकाबद्दल ओढ उगवते. तो म्हातारा म्हणजे वेष बदललेला तरुण आहे, हे आपल्याला माहीत असतं, तिला नसतं. लोक हसतात. पण आरशापुढं स्वतःला जरा निरखणाऱ्या त्या बाईकडे तुम्ही आजच्या शांतपणे बघितलंत, तर हसू येणार नाही. ज्या चेहऱ्याला नायिकेच्या जागेवरून वीस वर्षांपूर्वी उठवलं, त्या चेहऱ्यानं तिथं पुन्हा प्रेमाची भूमिका केली आहे, आणि ती खरी वाटते.

मग 1987. रविवारची सकाळ, रस्ते ओस, वाडीत एकच टीव्ही आणि त्याच्यापुढं अख्खी वाडी. रामानंद सागरांच्या 'रामायण'मध्ये मंथरा म्हणून ललिताबाई. वय सत्तर. पंचवटी ज्या गावात आहे त्या आपल्या गावात हा वनवास परका नव्हता. रामाला इथवर आणणाऱ्या कारस्थानाची सुरुवात या बाईनं केली म्हणून म्हाताऱ्या बायकांनी टीव्हीपुढं बोटं मोडली असतील. त्या पिढीतल्या मुलांनी मंथरा म्हटल्यावर दुसरा चेहरा कधी पाहिलाच नाही. 1942 च्या चपराकीनं दुखावलेला डोळा पंचेचाळीस वर्षांनंतरही कामावर होता.

24 फेब्रुवारी 1998 रोजी, पुण्यात औंधला, घरी एकट्या असताना ललिताबाई गेल्या. आयुष्यभर आपल्या घराघरांत वावरलेल्या बाईच्या जाण्याची गोष्ट इतकी एकटी आहे. ती ऐकून अंगावर काटा येतो, पण तिला त्यांच्या आयुष्याचा निकाल समजू नका. 1928 पासून सुमारे सात दशकं त्यांनी काम केलं. मूकपट, बोलपट, रंगीत चित्रपट आणि टीव्ही, चारही काळांत हा चेहरा उभा होता. निकाल तिथं आहे.

आता नजर पडद्यावरून काढून आपल्या आजूबाजूला आणा.

ज्यांच्या चेहऱ्यावरून तुम्ही त्यांना कायमचं ठरवून टाकलं आहे, अशी माणसं एकेक करून समोर येऊ द्या. खात्यातला कायम कपाळाला आठ्या घातलेला सुपरवायझर. खालच्या मजल्यावरची, पाण्यावरून सतत बोलणारी बाई. भाड्यासाठी पहिल्या तारखेला दार ठोठावणारी घरमालकीण. कदाचित तुमच्या स्वतःच्या घरातली सासूबाई, किंवा सून. एकेकाचा चेहरा समोर आला की सीतादेवी आणि गंगामाई आठवा, आणि स्वतःला हा एकच प्रश्न विचारा: हा चेहरा मी कुठल्या जागेवरून बघतो आहे? याला दुसऱ्या कुणाच्या अंगणात, दुसऱ्या कुणाच्या नजरेनं मी कधी पाहिलंय का?

प्रत्येक खाष्ट माणूस आतून मायाळू असतो, असं मी म्हणत नाही. काही माणसं खरंच त्रास देतात, आणि 'दहेज'मधल्या सासूसारखी जुलमी माणसं असतात. त्यांच्यापुढं वाकू नये. पण तो निकाल त्यांच्या वागण्यावर द्यावा. चेहऱ्यावर देऊ नये, आठ्यांवर देऊ नये, एखाद्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यावर तर मुळीच नाही. त्या आठीमागं रात्रपाळी असू शकते. त्या तुटक बोलण्यामागं न ऐकू येणारा कान असू शकतो. त्या वाकड्या ओठामागं एक जुना झटका असू शकतो, ज्याबद्दल ते माणूस कधी कुणाला बोललेलं नाही.

आणि शेवटी स्वतःकडे वळा. तुमचं जे मोडलं असेल, हात, डोळा, पाठ, नोकरी, नातं, त्याच्याकडे एकदा सरळ बघा. ललिताबाईंनी डोळा लपवला नाही, आणि त्यासाठी दयाही मागितली नाही. त्यांनी तो कामावर आणला. नायिकेची जागा गेली ती गेलीच. त्याचं दुःख त्यांना झालं नसेल असं समजू नका. पण शिल्लक चेहऱ्यातून त्यांनी आनंदीबाई काढली, गंगामाई काढली, मिसेस डिसा काढली, मंथरा काढली. आपल्याकडे काय उरलंय आणि त्यातून काय काढता येईल, हा प्रश्न आज रात्री सुटला नाही तरी चालेल. तो प्रश्न तुमच्यापाशी राहू द्या.

डोळे उघडा. हातपाय मोकळे करा.

एक विनंती करून थांबतो. आपल्या घरांत अजून कुणाला हिणवायचं असलं की म्हणतात, 'अगदी ललिता पवार आहे.' यापुढं हे वाक्य शिवी म्हणून वापरू नका. येत्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बसवून 'अनाडी' लावा, आणि मुलांना सांगा की मिसेस डिसाचं काम करणारी ही बाई आपल्या येवल्याची होती.